केडीपीवर तीन पुस्तकं काढली, त्याआधी एक पॅकेज घेऊन बसले होते, दोन्हीचा अनुभव

स्वतःचं पुस्तक स्वतः काढायचं तर केडीपी, म्हणजे ॲमेझॉनची स्वतः पुस्तक काढायची सेवा बरी, की पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या एखाद्या कंपनीचं पॅकेज घ्यावं, हे मला आता इतक्या जणांनी विचारलंय की प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते. माझं पहिलं पुस्तक पॅकेजवाल्यांकडून निघालं, पुढची दोन मी केडीपीवर काढली, आणि मग पहिलंही हक्क परत घेऊन तिथेच नव्याने काढलं. त्यामुळे दोन्ही बाजू बघून झाल्यात. रिव्ह्यू केडीपीचा आहे, पण पॅकेजचं आधी सांगितल्याशिवाय मला केडीपी का आवडतं ते कळणार नाही.

त्या कंपनीचं नाव घेत नाही. सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त लिहा, असं होतं. संपादन, कव्हर, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, जगभर वितरण, वर प्रमोशन. मला तेव्हा यातलं काहीच येत नव्हतं, त्यामुळे कुणीतरी सगळं करून देतंय याचंच बरं वाटलं. पुस्तक निघालं, लेखकाच्या प्रती घरी आल्या, खोकं उघडलं, पहिली प्रत हातात घेतली आणि सगळ्यात आधी अर्पणपत्रिकेचं पान उघडलं. माझ्या बाबांच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं. माझ्या मूळ फाइलमध्ये बरोबर होतं, मी तीनदा तपासलं, चूक त्यांच्या टाइपसेटिंगमध्ये झाली होती. बाबा आता नाहीत. ते पुस्तक त्यांच्यासाठीच लिहिलं होतं.

मी लगेच मेल केला. पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं की पुस्तक प्रकाशित झालेलं आहे, आता बदल म्हणजे सुधारित आवृत्ती आणि त्याचे वेगळे पैसे. बरं, छापील राहू दे, निदान ईबुकमध्ये तरी करा म्हटलं, ती तर फक्त फाइल आहे, तर तेच उत्तर परत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पुस्तक ज्या अकाउंटवरून विकलं जातंय ते अकाउंट त्यांचं आहे. माझ्याकडे लॉगिन नाही. किती प्रती गेल्या ते सहा महिन्यांनी एका एक्सेल शीटमध्ये यायचं आणि ते खरं की खोटं हे बघायला माझ्याकडे काहीच साधन नव्हतं. किंमत बदलायची म्हटलं तरी विनंती करायची. मजकुराची माझ्याकडे फक्त पीडीएफ, ज्यात काही बदल करता येत नाही, मूळ फाइल त्यांच्याकडे. कव्हरचं चित्रही त्यांचं. आणि करार मी नीट वाचला नव्हता, त्यात तीन वर्षं पुस्तक दुसरीकडे काढायचं नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. शेवटी बरीच पत्रापत्री करून हक्क मोकळे करून घेतले, मजकूर माझ्या जुन्या वर्ड फाइलवरून परत उभा केला, कव्हर नव्याने करून घेतलं.

तर आता केडीपी. किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, ॲमेझॉनचं, २००७ मध्ये किंडल या ईबुक वाचायच्या यंत्राबरोबरच सुरू झालेलं, तेव्हा नाव वेगळं होतं, डिजिटल टेक्स्ट प्लॅटफॉर्म. अकाउंट उघडायला पैसे लागत नाहीत, पुस्तक चढवायलाही नाही. ईबुकसाठी वर्ड किंवा ईपब फाइल चालते, छापील पुस्तकाला पीडीएफ द्यावी. मग पुस्तकाचं वर्णन, ४००० अक्षरांपर्यंत, सात कीवर्डचे, म्हणजे वाचक शोधताना वापरतील अशा शब्दांचे रकाने, तीन कॅटेगरी, किंमत, आणि पब्लिशचं बटण. तपासणीला ७२ तासांपर्यंत लागतात असं ते सांगतात. अकाउंट एका माणसाला एकच, ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या बँक खात्याला जोडलेलं, करासंबंधीची माहिती स्वतः भरलेली. हे सगळं भरताना कंटाळा येतो, पहिल्यांदा माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली. पण कृपा करून हे काम दुसऱ्याकडे सोपवू नका. फाइल कुणीही बनवून देऊ दे, कव्हर कुणीही करू दे, अकाउंट मात्र तुमच्याच नावाचं हवं.

पहिलं पुस्तक तिथे परत काढलं तेव्हा रात्री उशिरा बसून फाइल चढवली, प्रीव्ह्यूमध्ये अर्पणपत्रिकेचं पान उघडलं, बाबांचं नाव एकेक अक्षर करून वाचलं आणि बटण दाबलं. कुणाला मेल नाही, विनंती नाही, आवृत्तीचे पैसे नाहीत. माझ्यासाठी केडीपीचे निम्मे मार्क त्या एका रात्रीचे आहेत.

एवढं मात्र लक्षात घ्या की ईबुक दुरुस्त केलं तरी ज्यांनी आधीच विकत घेतलंय त्यांच्या किंडलवर ते आपोआप बदलेलच असं नाही. आणि छापील पुस्तकात आतली पानं आणि कव्हर नंतर बदलता येतं, पण नाव, लेखकाचं नाव, पुस्तकाचा आकार, आयएसबीएन हे एकदा प्रकाशित झालं की कायम. म्हणून उपशीर्षक वगैरे काय ते आधीच पक्कं करा.

छापील पुस्तकाबद्दल जरा जास्त लिहिते कारण तिथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. प्रत्येक मागणीला एकेक प्रत छापली जाते, म्हणजे घरात गठ्ठे पडून राहत नाहीत, ही मोठी सोय. किमान २४ पानं लागतात, जास्तीत जास्त ८२८, तेही कागद आणि शाई कुठली निवडता त्यावर. स्पाइनवर, म्हणजे पुस्तकाच्या कण्यावर, नाव छापायचं असेल तर साधारण ८० पानं तरी हवीत. पण खरा मुद्दा प्रूफ कॉपीचा, म्हणजे विक्रीआधी तपासायला मागवायच्या छापील प्रतीचा. ती मागवता येते, फक्त छपाईचा आणि पाठवण्याचा खर्च पडतो, कव्हरवर विक्रीसाठी नाही अशी पट्टी छापून येते. मी दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी म्हटलं स्क्रीनवर तर सगळं छान दिसतंय, कशाला हवी, आणि तरी मैत्रिणीच्या आग्रहाने मागवली. बरं झालं मागवली! पुस्तक ३१२ पानांचं. ३०१ ते ५०० पानांसाठी आतल्या बाजूचं मार्जिन किमान ०.६२५ इंच हवं असा त्यांचा नियम आहे, मी तेवढंच ठेवलं होतं, प्रीव्ह्यूअरने काही तक्रार न करता पास केलं. प्रत हातात आली, मधोमध उघडली, तर ओळींची सुरुवात बांधणीच्या घळीत गेलेली. दोन्ही अंगठ्यांनी पानं दाबून धरल्याशिवाय पहिला शब्द नीट दिसत नव्हता, आणि सोडलं की पुस्तक मिटायचं. असं पुस्तक झोपताना कोण वाचणार?

मग मार्जिन ०.८ केलं. त्याने मजकूर पुढे सरकला, ३१२ ची ३२६ पानं झाली, आणि पानं वाढली की स्पाइनची जाडी वाढते. क्रीम कागदाला प्रत्येक पानाला ०.००२५ इंच धरतात, म्हणजे ०.७८ चं ०.८१५ झालं, म्हणजे कव्हरची फाइल परत करायची, नाहीतर स्पाइनवरचं नाव मध्यावर न येता कव्हरच्या बाजूला सरकतं. म्हणून क्रम असा ठेवा की आतली पानं पूर्ण पक्की होईपर्यंत कव्हर डिझायनरला फक्त पुढचं मुखपृष्ठ करायला सांगा, स्पाइन आणि मलपृष्ठ शेवटी. माझ्या डिझायनरने समजून घेतलं पण प्रत्येक जण घेईल असं नाही आणि त्यांचंही बरोबर आहे, तेच काम ते तीनदा का करतील.

पैशाचं थोडक्यात. ईबुकला ३५ टक्के किंवा ७० टक्के रॉयल्टी, ७० हवी असेल तर किंमत त्यांनी ठरवलेल्या पट्ट्यात हवी आणि फाइलच्या साइझप्रमाणे डिलिव्हरीचा खर्च कापला जातो. आत भरपूर फोटो असतील तर हा हिशेब नक्की करून बघा, कधीकधी ३५ च परवडतं. पेपरबॅकला ६० टक्के, त्यातून छपाईचा खर्च वजा, आणि जून २०२५ पासून कमी किमतीच्या पेपरबॅकला ६० चे ५० केलेत. हे मला पटलेलं नाही, कारण पुस्तक स्वस्त ठेवावं असं ज्याला वाटतं त्याच्याच हातात कमी येतं. महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी पैसे जमा होतात. विक्रीचे आकडे मात्र रोज दिसतात, आणि सहा महिने एका शीटची वाट बघितलेल्या माणसाला त्याचं किती अप्रूप असतं ते मीच जाणे.

आता केडीपी सिलेक्ट. पब्लिश करताना एक खूण करायची असते आणि पुष्कळ जण न वाचता करतात. ती केली की ९० दिवस तुमचं ईबुक दुसऱ्या ईबुक दुकानांत ठेवता येत नाही, स्वतःच्या वेबसाइटवरसुद्धा नाही, दहा टक्क्यांपर्यंतचा नमुना तेवढा चालतो. बंधन फक्त ईबुकला, छापील पुस्तक कुठेही विका. बदल्यात पुस्तक किंडल अनलिमिटेड या वर्गणी भरून वाचायच्या योजनेत जातं, तिथे वाचकाने जितकी पानं वाचली त्याप्रमाणे पैसे मिळतात, शिवाय ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं किंवा सवलतीची योजना लावता येते. वाईट योजना आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. मालिका लिहिणाऱ्यांना, रहस्यकथा आणि प्रेमकथावाल्यांना तिथे खरंच वाचक मिळतात, कारण ते वाचक एका मागोमाग एक वाचतात. पण ९० दिवस संपले की ते आपोआप पुढे चालू राहतं. नको असेल तर आधी जाऊन खूण काढावी लागते, नाहीतर तुम्ही दुसरीकडे पुस्तक ठेवाल आणि नकळत नियम मोडाल.

मी पहिलं पुस्तक सिलेक्टमध्ये ठेवलंय, दुसरं आणि तिसरं सगळीकडे. सगळीकडे म्हणजे ॲमेझॉनवर थेट केडीपीतून, आणि ॲपल, कोबो ही ईबुक दुकानं, लायब्ररी वगैरे ड्राफ्ट टू डिजिटल या सेवेतून, एकदाच फाइल दिली की ते सगळ्यांना पोचवतात आणि विक्री झाली तर साधारण किमतीच्या दहा टक्के ठेवतात. स्मॅशवर्ड्स ही तशीच दुसरी सेवा आता त्यांचीच आहे, २०२२ मध्ये घेतली. दुकानांत पुस्तक जावं असं ज्यांना वाटतं त्यांनी इनग्रामस्पार्क ही इनग्राम या पुस्तक वितरकाची छपाईची सेवा बघावी, दुकानदार आणि लायब्ररीवाले इनग्रामच्या यादीतून मागवतात. पण तिथे दुकानदाराला ५५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायची तयारी लागते आणि न विकलेल्या प्रती परत घ्यायच्या का हे ठरवावं लागतं. परत घेईन म्हटलंत तर त्याचा भार तुमच्यावर येतो, हे नीट समजून मगच हो म्हणा. मी अजून म्हटलेलं नाही.

आयएसबीएनचं पण इथेच सांगते. पेपरबॅकला केडीपी फुकट आयएसबीएन देतं, पण तो फक्त तिथेच चालतो आणि प्रकाशक म्हणून तिथलं ठरलेलं इंडिपेंडंटली पब्लिश्ड हेच नाव लागतं. तीच आवृत्ती दुसरीकडून छापायची असेल तर स्वतःचा आयएसबीएन घ्या. काही देशांत तो फुकट मिळतो, काही देशांत विकत. ईबुकला तिथे आयएसबीएन नसला तरी चालतं, ॲमेझॉन स्वतःचा नंबर देतं. पॅकेजवाल्यांनी मला दिलेला आयएसबीएन त्यांच्या नावावर होता, हे मला हक्क परत घेताना कळलं.

आता प्रमोशन, इथे केडीपी तुम्हाला जवळजवळ एकटं सोडतं. ॲमेझॉनवर पुस्तक चढलं म्हणजे ते कुणाला दिसेल असा समज असेल तर सोडून द्या. जाहिराती करता येतात, प्रत्येक क्लिकला पैसे जातात, पण कव्हर आणि वर्णन चांगलं नसेल तर लोक क्लिक करून येतात आणि न घेता जातात, आणि क्लिकचे पैसे तर गेलेच. म्हणून मी आधी वर्णन चार वेळा लिहिलं. पहिल्यांदा त्यात सगळी गोष्टच सांगितली होती. मग आपल्याच प्रकारची वीस-पंचवीस पुस्तकं काढून त्यांची वर्णनं वाचली, आणि लक्षात आलं की वाचकाला कथानक नको असतं, हे पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही एवढंच त्याला पहिल्या दोन ओळींत बघायचं असतं.

रिव्ह्यूंच्या बाबतीत सरळ राहा. घरच्यांचे, जवळच्या मित्रांचे रिव्ह्यू ॲमेझॉनच्या नियमात बसत नाहीत, पैसे देऊन घेतलेले तर नाहीतच. पुस्तक आधी वाचायला फुकट देणं चालतं, पण बदल्यात रिव्ह्यू लिहाच अशी अट घालता येत नाही. मी तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी तीस जणांना महिनाभर आधी फाइल पाठवली, फक्त एवढंच लिहिलं की वाचून जे वाटेल ते मनापासून लिहिलंत तर मला मदत होईल. अकरा जणांनी लिहिलं. त्यातल्या दोघांनी तीनच स्टार दिले होते, आणि त्या दोघांनी लिहिलेलं शेवटच्या प्रकरणाबद्दलचं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं.

ते तीस जण कुठून आले? ईमेलच्या यादीतून. ॲमेझॉन तुम्हाला पुस्तक कुणी घेतलं ते सांगत नाही, नाव नाही, पत्ता नाही, आकडा तेवढा दिसतो. म्हणजे अकाउंट तुमचं असलं तरी वाचक त्यांच्याकडेच राहतो. माझ्या मते केडीपीची सगळ्यात मोठी उणीव हीच आणि त्यावर एकच उपाय मला सापडलाय. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, गोष्ट संपल्या संपल्या, श्रेयनामावलीच्याही आधी, मी चार ओळी लिहिते की पुढचं पुस्तक येईल तेव्हा कळवू का, आणि खाली लिंक. त्या लिंकवर एक छोटी कथा ठेवलीय, दुसऱ्या पुस्तकातल्या एका बाजूच्या पात्राची, ती फक्त यादीत नाव दिलेल्यांना मिळते. यादी हळूहळू वाढते, खूपच हळू, पण ज्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं तेच तिथे पोचतात. दोन महिन्यांतून एकदा पत्र लिहिते, आणि त्यात दरवेळी विकायला काही नसतं, काय वाचतेय, कुठे अडकलेय, असंच. आणि ही यादी मी डाउनलोड करून स्वतःच्या कॉम्प्युटरवरही ठेवते.

पॅकेजमधल्या प्रमोशनचं काय झालं ते राहिलंच. त्यांनी त्यांच्या पेजवर माझ्या कव्हरचं पोस्टर टाकलं, एक प्रसिद्धीपत्रक कुठल्यातरी साइटवर टाकलं. त्यांच्या पेजवर सगळे लेखकच होते, आपापल्या पोस्टरची वाट बघणारे. वाचक कुणी नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तिथले कित्येक जण मी होते तसेच होते, आयुष्यातलं पहिलं पुस्तक घेऊन आलेले.

आणि पुस्तक निघालं की मेल सुरू होतात. तुमचं पुस्तक आम्हाला फार आवडलं, चित्रपटाचे हक्क, मोठ्या बुक क्लबमध्ये चर्चा, अमुक मेळाव्यात स्टॉल, सगळ्यांच्या शेवटी पैसे मागतात. हल्ली तर पुस्तकातल्या पात्रांची नावं घालून इतकं गोड लिहितात की खरंच वाचलंय असं वाटतं. पैसे देण्याआधी अलायन्स ऑफ इंडिपेंडंट ऑथर्स या लेखकांच्या संघटनेने केलेली, सेवा देणाऱ्या कंपन्यांची मानांकन यादी बघा, आणि रायटर बिवेअर या लेखकांना फसवणुकीपासून सावध करणाऱ्या साइटवर त्या कंपनीचं नाव शोधा. दोन्ही फुकट बघता येतात. मी पॅकेज घेण्याआधी मला यातलं एकही नाव माहीत नव्हतं.

खर्च कुठे करावा असं विचाराल तर संपादकावर, मग कव्हरवर, आणि शेवटच्या मुद्रितशोधनासाठी तिसरा माणूस, ज्याने ते पुस्तक आधी कधीच वाचलेलं नाही. केडीपी स्पेलिंगच्या काही चुका दाखवतं पण वाक्य फसलंय, पात्राचं वय चौथ्या प्रकरणात बदललंय, हे ते सांगणार नाही. एआय वापरून मजकूर किंवा चित्र तयार केलं असेल तर सप्टेंबर २०२३ पासून ते पुस्तक चढवताना सांगावं लागतं, तेही खरं खरं सांगा.

माझ्याकडून केडीपीला पाचपैकी चार. एक स्टार वाचकाचा पत्ता न मिळण्याचा आणि पेपरबॅकच्या ५० टक्क्यांचा मिळून कापला. ज्यांना खरंच वेळ नाही आणि कुणाची तरी मदत घ्यायचीच आहे त्यांनी जरूर घ्या, त्यात चूक काही नाही, पण सही करण्याआधी लेखी विचारा की अकाउंट कुणाच्या नावावर, मूळ फाइल आणि कव्हर मला मिळणार का, आयएसबीएन कुणाचा, आणि सोडून जायचं म्हटलं तर किती दिवसांत. उत्तर फोनवर देतो म्हणाले तर थांबा.

मागच्या महिन्यात यादीतल्या एका काकूंचा मेल आला, दुसऱ्या पुस्तकात पान ११८ वर आजी विहिरीवरून परत येते तेव्हा तिच्या हातात कळशी आहे आणि पुढच्याच पानावर बादली झालीय. बरोबर होतं त्यांचं. आम्हा सगळ्यांच्या नजरेतून सुटलेलं. रात्री जेवण झाल्यावर फाइल उघडली, बादलीची कळशी केली, ईबुक आणि छापील दोन्ही परत चढवलं, आणि काकूंना लिहिलं की तुमची कळशी परवापर्यंत येईल.